काठावरचा कासरा

निमगाव सावा
१ मार्च

चि. इंदू,

तुझ्या साळूआत्याचा आशीर्वाद, आणि त्याच्या मागोमाग एक धपाटा.

आशीर्वाद तू माझी भाची आहेस म्हणून. धपाटा तू फोन उचलत नाहीस म्हणून. रविवारी तुमच्या त्या पोहण्याच्या वसतिगृहात मुलींच्या हातात तासभर फोन देतात, आणि तेवढ्या तासात तुझी आई नंबर फिरवून फिरवून थकते. एकदाच तू उचललास. मागे दादाभाऊ खोकला आणि तू ठेवून दिलास. माझा धाकटा भाऊ आहे तो, तुझा बाप आहे. खोकायलाही बंदी आली का बिचाऱ्याला?

म्हणून हे पत्र. अंगणवाडीत रजिस्टरं भरून भरून माझं अक्षर वळणदार झालंय, ते कुठेतरी कामी यावं. आपला गोरख भाजीचा टेम्पो घेऊन पुण्याच्या मार्केटला जातोच, तो तुमच्या फाटकावर देईल. सोबत शेंगदाण्याचे लाडू आहेत. तुझ्या कोच नूतन मॅडम रागावल्या तर सांग, माझ्या आत्याला डाएट कळत नाही.

तुला वाटत असेल, घरी सगळे तुझ्यावर चिडून बसलेत. कोणी चिडलेलं नाही. दादा तर सगळं विसरून गेला. कांदा काढणीला आलाय, त्याला कुठला वेळ? डिसेंबरातला विषय तुझ्या आईने एकदा काढला तर म्हणाला, "जाऊ द्या, पोरांच्या खेळात व्हतं असं." विषय संपला.

गावही काही बोलत नाही. स्टँडवरचा फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी उतरवला. शर्यत व्हायच्या आधीच 'राज्यात प्रथम आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असं छापून लावायची अक्कल कोणाची होती, ते मी विचारत नाही. विचारलं तर घरातलंच नाव निघायचं. फ्लेक्स मात्र वाया गेला नाही, कांद्याच्या ढिगावर टाकलाय. वारा आला की तुझा फोटो फडफडतो आणि तू डोळे मिचकावतेस असं वाटतं.

बाकी ठीक. नूतन मॅडमचा घरी फोन आला होता, त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन. खात जा.

तुझी
साळूआत्या


१५ मार्च

चि. इंदू,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, लाडवाच्या रिकाम्या डब्यात टाकलेला चतकोर कागद. "आत्या, लाडू मस्त होते. १२ एप्रिलला निवड चाचणी आहे. आप्पा गॅलरीत दिसले तर मी ब्लॉकवर चढणार नाही. त्यांना सांग."

ना नमस्कार, ना चमत्कार. दोन ओळींत बापाला हद्दपार केलंस. तुझ्या आजीचा स्वभाव तुझ्यात उतरलाय, आणि तो काही गुण नव्हे.

तो कागद मी पदराच्या गाठीत बांधून फिरतेय. दादाला अजून सांगितलेलं नाही. कारण मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. तो काही विसरलेला नाही. ताटावर बसतो आणि भाकरीचा घास हातात घेऊन भिंतीकडे बघत राहतो. तुझी आई म्हणते, "भाजीत मीठ कमी हाय का?" हा म्हणतो, "म्या आवाज केला का काय?"

त्या दिवशी पुण्याला आलेल्या जीपमध्ये मीही होते, हे तू विसरतेस. गॅलरीत मी त्याच्या शेजारीच बसले होते. पंचाने सगळ्यांना गप्प केलं. तुम्ही आठ जणी त्या ठोकळ्यांवर वाकलात. एवढी माणसं आणि एक श्वास ऐकू येईना. आणि त्या शांततेत हा ओरडला, "हाण, इंदे!"

भोंगा वाजायचा होता अजून. बाकी सात जणी जागच्या जागी, आणि तू पाण्यात.

तुझं काय चुकलं? पाचव्या वर्षापासून आपल्या विहिरीच्या काठावर तू त्याच्या 'हाण'वरच उडी टाकत आलीस. तुझ्या पायांना काय कळणार, हे पुणं आहे की निमगाव? तू वर आलीस, आजूबाजूला बघितलंस, आणि शेजारच्या सगळ्या पट्ट्या रिकाम्या. तुझं ते तोंड मला अजून दिसतं. नूतन मॅडम पंचांशी खूप भांडल्या. पंच म्हणाले, भोंग्याआधी उडी म्हणजे बाद. तुला टॉवेल गुंडाळून बाहेर बसवलं आणि बाकीच्या सात जणींची शर्यत तुझ्यासमोर लावली.

आता मॅडमच्या फोनचं सांगते. त्या म्हणाल्या, तेव्हापासून भोंगा वाजतो, सगळ्या जातात आणि मग इंद्रायणी जाते. उडी टाकायच्या आधी मान वर करून गॅलरीकडे बघते, तिथे कोणी नसलं तरी. त्या म्हणाल्या, तिचं पोहणं कुठेही कमी झालेलं नाही, तिचे पाय ऐकत नाहीत. आणि म्हणाल्या, चाचणीला वडिलांनी येऊ नये.

फोन स्पीकरवर होता. दादाने हातातलं खुरपं भिंतीवर फेकलं. "माझ्या पोरीला पान्याची वळख म्या करून दिली. आन् मलाच बंदी? म्या जानार. बघतो कोन आडवतं!"

तू म्हणतेस चढणार नाही, तो म्हणतो येणार. तुमच्या दोघांच्या मध्ये माझं मात्र भरीत झालंय. तुझा कागद त्याला दाखवावा की चुलीत घालावा, ते मला कळेना.

साळूआत्या


२९ मार्च

चि. इंदू,

कागद दाखवला.

वाटलं होतं भडका उडेल. त्याने दोनदा वाचला, घडी केली, माझ्या हातात परत दिली आणि विहिरीकडे निघून गेला. मी मागोमाग गेले. काठावर बसला होता, पाण्यापासून चांगला हातभर मागे सरकून. मोठी शहाणी समजतेस ना तू स्वतःला? मग मला सांग, तुझ्या बापाला तू विहिरीत उतरलेला कधी पाहिलास?

आठवून बघ. नाही ना आठवत?

लहानपणी त्याने मला आईची शपथ घातली होती. ती आज मोडते, माझं जे व्हायचं ते होईल. इंदू, तुझ्या आप्पांना पोहता येत नाही.

तो सात वर्षांचा होता. आमचे चुलते सोपानतात्या सगळ्या पोरांना एकाच रीतीने शिकवायचे. बखोटीला धरायचं, 'हाण' म्हणायचं आणि विहिरीत टाकायचं. बाकीची पोरं खोकत, ठसकत वर यायची आणि पुढच्या आठवड्यात सूर मारायला लागायची. दादा वर आला नाही. तात्या काठावर हसत उभे, "येतोय, येतोय." मीच परकर-पोलक्यासकट उडी टाकली आणि केसाला धरून ओढला. घरी न्हाव्याचा कंटाळा होता म्हणून केस वाढले होते, त्या कंटाळ्याने त्याला वाचवला म्हण.

त्यानंतर तो पाण्यात गेला नाही. आता आपल्या गावात ज्या गड्याला पोहता येत नाही, त्याची चेष्टा त्याच्या तेराव्यापर्यंत चालते. म्हणून कधी त्याला पडसं असायचं, कधी कान दुखायचा. तू पाच वर्षांची झालीस तेव्हा तेलाचा रिकामा कॅन तुझ्या पाठीला त्यानेच बांधला, बैलाचा कासरा तुझ्या कमरेला त्यानेच बांधला, आणि पाण्यात उतरायला मात्र मला बोलावलं. तू खालून ओरडायचीस, "आप्पा, तुमी पन या की!" तर म्हणायचा, "आतनं काय दिसतंय गं? वरनं समदं दिसतं." आणि तुला ते पटायचं.

आता जरा थंड डोक्याने विचार कर. तो कासरा हातातून सुटला असता तर त्याला तुझ्यामागे उडी टाकता आली नसती. त्याच्याकडे दोनच गोष्टी होत्या, दोर आणि आवाज. तू मोठी झालीस तसा दोर सुटला. आवाज राहिला.

तुला वाटतं तो पदकासाठी ओरडला. मी शेजारी होते. त्याने माझं मनगट धरलं होतं, आणि असं धरलं होतं की वळ उठला. तू वाकलीस, तुझी बोटं त्या ठोकळ्याच्या कडेवर आणि खाली ते खोल निळं पाणी. तो घाबरला होता, पोरी.

हे मी त्याची वकिली म्हणून लिहीत नाही. बाप घाबरला म्हणून पोरीची शर्यत गेली, हा कुठला न्याय? ते मी त्याला तोंडावर सांगितलं. तो उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या दारात तेलाचा कॅन आणि कासरा घेऊन उभा. "आक्का, मला शिकीव."

तेव्हापासून रोज जातोय. बिबट्याच्या भीतीने चांगलं ऊन पडल्यावर जातो, आणि गावाच्या भीतीने वस्तीवरची माणसं कांद्याला गेल्यावर. पायऱ्यांनी उतरतो, कॅन बांधून हातपाय मारतो. बरे मारतो. म्हैस डुंबते त्याहून थोडे बरे. पण काठावरून उडी नाही. मोटारीचा पाइप दोन्ही हातांनी गच्च धरतो, टॉवेलचं टोक दातात आवळतो आणि तसाच उभा राहतो. कासरा माझ्या हातात. मी म्हणते हाण, आणि हा हलत नाही.

परवा माझा तोल सुटला. मी जोरात ओरडले, "आरं हाण की रे, किती येळ!"

तर दातातला टॉवेल काढून म्हणाला, "आक्का, वरडू नगं. तू वरडली का पाय आजूनच घट्ट व्हत्यात."

बोलला, आणि आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं. तिथेच खाली बसला. मीही शेजारी टेकले. तुझ्या बापाला मी रडताना पाहिलंय ते सोपानतात्यांनी टाकलं त्या दिवशी, आणि परवा.

तो अजूनही येणार म्हणतो की नाही, ते मला विचारू नकोस. मी विचारायला घाबरते.

साळूआत्या


११ एप्रिल

चि. इंदू,

घाईत लिहिते. गोरख टेम्पो सुरू करून हॉर्न वाजवतोय. हे पत्र त्याच्या खिशात जाईल, आणि त्याच टेम्पोत, त्याच्याच शेजारी, तुझा बाप बसलाय.

मी समजावलं. तुझ्या आईने समजावलं. शेवटी मी ओरडलेही, आणि मग जीभ चावली. तो शांतपणे म्हणाला, "म्या जानार, आक्का. पन तिला दिसनार न्हाई." आता ह्या सहा फुटी माणसाने कुठे लपायचं, खांबामागे? मी म्हटलं, तू लपशील आणि ती तुला शोधत बसेल. तिकडे कोणी नसताना ती वर बघते, तू असलास तर काय करेल?

यावर तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते. "तिला आदीच सांग म्या आलोय. फाटकाव इचार. ती नगं म्हनली तर म्या गाडीतनं उतरत बी न्हाई. तसाच रिकाम्या क्रेटसंगं माघारी यीन."

तेव्हा आता तू ठरव. गोरखला 'हो' म्हण नाहीतर 'नको' म्हण. तुला नको वाटलं तर नको म्हण, आणि त्याचं पाप मनावर घेऊ नकोस. पंधरा वर्षांच्या पोरीने बापाची भीतीसुद्धा वाहायची असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. तू तुझा जीव सांभाळ, त्याला मी सांभाळते. मला सवय आहे. केस मात्र आता धरण्याजोगे राहिले नाहीत त्याचे.

मला तुझी काळजी वाटते. लई वाटते. एवढंच लिहायचं होतं.

गोरख शिव्या द्यायला लागलाय.

साळूआत्या


पुणे
१४ एप्रिल

आप्पा,

मी कधी पत्र लिहिलेलं नाही. आत्यासारखं जमणार नाही.

रविवारी उजाडताना गोरखकाका फाटकावर आले. मी आत्याचं पत्र तिथेच उभ्याने वाचलं. टेम्पो रस्त्याच्या पलीकडे होता. तुम्ही दिसत नव्हता, काचेतून फक्त तुमचा हात दिसत होता, डोक्यावरचा दांडा धरलेला. मी नको म्हणणार होते आप्पा. खरंच. तोंडापर्यंत आलं होतं. डिसेंबरपासून मला रोज तेच स्वप्न पडतं, मी पाण्यात आहे आणि शेजारी कोणीच नाही. मला तुमचा इतका राग आला होता की तुमच्या आवाजासारखा कोणाचा आवाज आला तरी मी तिथून निघून जायचे.

गोरखकाका म्हणाले, "काय सांगू त्यांना?" मी त्या हाताकडे बघत होते. मग मी म्हणाले, शेवटच्या रांगेत बसू दे.

म्हणाले खरं, पण नंतर मला उलटी झाली. नूतन मॅडमना सांगितलं नाही. आत्यालाही सांगू नका.

शंभर मीटरच्या वेळी लांब शिट्टी झाली. ती झाली की ब्लॉकवर चढायचं असतं. सगळ्या चढल्या. मी खालीच. पाय उचलेनात. पंचांनी माझ्याकडे बघितलं. मॅडमनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मला माहीत होतं की वर बघायचं नाही, आणि मी वर बघितलं.

तुम्ही शेवटच्या रांगेत उभे होता. समोरचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरलेला. टॉवेलचं टोक दातात.

आत्याने लिहिलं होतं अगदी तसेच. आप्पा, मला आयुष्यभर वाटत आलं की तुम्ही वरून माझ्याकडे बघताय. तुम्ही तर माझ्यासारखेच काठावर उभे होता. तुमचे पाय पण हलत नव्हते.

मला एकदम हसू आलं. शेजारची मुलगी दचकून बघायला लागली. मी चढले, वाकले, आणि सगळं शांत झालं. मी तुमच्या आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. आणि मग भोंगा वाजला.

आप्पा, मी इतकी वर्षं शर्यती पोहतेय, पण भोंगा मी रविवारी पहिल्यांदा ऐकला.

मी तिसरी आले. दोघींनाच घेतात. मॅडम म्हणाल्या, उडी सगळ्यांत चांगली माझी होती, परतीला मी दमले, कारण चार महिने मन लावून सराव केलेला नाही. ते खरं आहे. मी कपडे बदलायच्या खोलीत खूप रडले. बाहेर येऊन वर बघितलं तर तुमची जागा रिकामी. तुम्ही उतरून खाली याल असं वाटलं होतं. नंतर गोरखकाकांकडून कळलं की तुम्ही टेम्पोत जाऊन बसला होता, कारण शेवटच्या रांगेत बसायचंच तेवढं मी सांगितलं होतं. आणि टॉवेल चावून चावून त्याला भोक पडलंय म्हणे. आईला सांगा तो फेकू नको.

पुढची चाचणी ऑगस्टमध्ये आहे. या वेळी मन लावून करणार आहे. कांद्यावरचा तो फ्लेक्स काढा, आणि ऑगस्टआधी नवीन छापू नका.

रविवारी फोन तुम्हीच लावा. खोकलात तरी चालेल.

मे महिन्यात सुट्टीला घरी येते. आत्याला म्हणावं, कासरा काढून ठेव. या वेळी तो तुमच्या कमरेला बांधायचा आणि दुसरं टोक माझ्या हातात. तुम्ही काठावर उभे राहा. एक दिवस लागला तरी चालेल, सगळी सुट्टी लागली तरी चालेल.

मी ओरडणार नाही.

इंदू